विषय अकरा, विषय बारा

अकरावा : केएमटीच्या बंद गाड्या.
बारावा : शंखवाल्या परदेशी गोगलगायी.
मी इतिवृत्त लिहितो. हसायची मुभा नाही.

कसबा बावड्याच्या इंदुबाई चौगले उठल्या,
पिशवीतनं जेवणाचा डबा काढला,
झाकण उघडलं :
"दीड वर्ष वर्कशॉपात उभी हाय गाडी.
ड्रायव्हरच्या सीटखाली गावली ही.
दोनशे अंडी घातलीत, साहेब.
तिकीट कुणी फाडायचं?"

महापौर म्हणाले, मीठ टाका.
मागनं कुणीतरी : कशावर?

ठराव झाला नाही. चहा झाला.
तोवर ती डब्याच्या काठावरनं उतरून
ओली रेघ ओढत
माझ्या वहीवर आली,
सभागृहात एकटीच
कुठंतरी पोचलेली.

अकरा आणि बारा चिकटले.
पानं सोडवली नाहीत मी.
रंकाळा स्टँडला पाऊण तास थांबलो,
मग चालतच घरी.