तेयं

दोन वर्षं आठ महिन्यांची.
कुकरला तुतल म्हणते, काकाला ताता,
आणि घडाकडे बोट करून
तेयं.

जळगावच्या मॅडम म्हणाल्या, चूक धरू नका.
"असं नाही, असं म्हण" हे तर नकोच.
तिचाच शब्द उचला, नीट करून परत द्या,
निसटलेली चप्पल पायात सरकवावी तसा.

तेव्हापासून मी दिवसभर परत देते.
तेयं? हो, केळं. पिवळं केळं. सोलू या केळं.
जीभ मागे कुठे टेकते
ते आरशात आ करून दाखवते.
ती आरसा चाटते.

बाजेवरून भिकनआप्पा, माझे सासरे:
"तुले केयं जोयजे का, माय?"
आप्पा, केळं म्हणा ना.
"तेच तं म्हनस मी. केयं."

रात्री भांडी घासताना हिशोब लागला.
त तिचा आहे, आज ना उद्या जाईल.
य मात्र गावाचा.
इथे चोपड्यात डोया दुखतो, शाया सुटते,
तापीचं पाणी उन्हात कायं दिसतं.
मी एकटीच नगरहून ळ घेऊन आले.

काल दारात केळीची गाडी भरत होती.
ती पाणी पिता पिता ठसकली,
खोकली,
आणि खोकल्याच्या पाठोपाठ, घशातून, अगदी घशातून
के
केयं!

आप्पा माझ्याकडे बघत राहिले.
मी परत द्यायला तोंड उघडलं.
"हो गं. केयं.
अजून एक जोयजे?"