बारसं राहिलेली बटणं

महापे एमआयडीसी, तिसरा मजला, एसी नेहमीसारखा जास्तच.
हर्षला केणी दिवाळ्याहून आल्या, दोन बस बदलून.
पांढऱ्या काठीची घडी करून पर्समध्ये ठेवली
आणि म्हणाल्या, द्या, बघते तुमचं अ‍ॅप.
बघते, म्हणाल्या. मीच उगाच चपापले.

फोनचा पडदा त्यांनी काळाच ठेवला होता.
उजेडाचं मला काय काम? बॅटरी तरी वाचते.
मग बोट फिरलं,
आणि ज्याच्या निळ्या रंगावरून आम्ही सात महिने भांडलो
ते आमचं दवाखान्याचं अ‍ॅप
माझ्यासमोर पहिल्यांदा बोललं:

बटण.
बटण.
बटण.
प्रतिमा तीनशे सेहेचाळीस.
बटण.

लग्नघरात शिरावं
आणि ओळख करून देणाऱ्याने प्रत्येकाकडे हात करून
"माणूस" एवढंच सांगावं, तसं.

यातलं नंबर लावायचं कुठलं?
हिरवं, मी बोलून गेले,
आणि जीभ चावली.
हिरवं खायला बरं असतं, त्या म्हणाल्या,
ऐकू येत नाही.

ओटीपी आला. आवाज एकेक आकडा सावकाश सांगत राहिला,
सहावा यायच्या आत तीस सेकंद संपले.
पुन्हा मागवला. पुन्हा संपले.
तिसऱ्यांदा कसंबसं आत शिरून रिपोर्ट उघडला, तर
प्रतिमा.

"मागच्या वर्षी असंच झालं," त्या सहज सांगू लागल्या.
"लॅबने रिपोर्ट पाठवला, फोन म्हणे प्रतिमा.
रिक्षात होते. म्हटलं, दादा, वाचता का जरा?
चांगला माणूस हो. सिग्नलला थांबून मोठ्याने वाचलंन,
पॉझिटिव्ह आहे ताई, पेढे द्या!
शेजारच्या रिक्षातल्यानेही अभिनंदन केलं.
माझ्या पोटातली बातमी,
आणि मला ती दुसऱ्या नंबरावर कळली."

कुणी काही बोललं नाही.
असे युजर टक्क्यांत किती, हे सकाळी विचारणारा मिहीर
पाण्याची बाटली उघडून बंद करत बसला.

आदल्या रविवारी कळव्याला भाच्याचं बारसं होतं.
आत्या मी. पाळण्यात वाकले,
कानात कुर्र केलं, नाव सांगितलं.
फुग्यांवर, केकवर, फोटोखाली ते नंतर आलं,
आधी कानात.
आणि इथे सत्तेचाळीस जन्माला घातली होती मी,
गोल कोपऱ्यांची, मऊ सावलीची, दृष्ट लागावी अशी,
एकाच्याही कानात कुणी वाकलं नव्हतं.

घणसोलीच्या खोलीत रात्री दोनपर्यंत बसले.
नंबर लावा.
मागे जा.
रिपोर्ट ऐका.
शोभेची पानंफुलं होती कडेला, त्यांना नाव नाही दिलं,
गप्प बसायला शिकवलं.
गेटवरच्या डाकवेकाकांचा अंगठा अर्धांगानंतर थरथरतो;
दोन बटणांमध्ये भाताचं शीत मावेल एवढी जागा होती,
ती अंगठा चुकला तरी चालेल एवढी केली.
आणि कुणी ऐकत नव्हतं म्हणून सांगते,
प्रत्येक नाव लिहिण्याआधी स्क्रीनजवळ तोंड नेऊन
हळूच कुर्र म्हटलं.

पंधरा दिवसांनी त्यांचा आवाजातला निरोप आला.
मागे मूल रडत होतं, भांडी पडत होती.
"रिपोर्ट ऐकला. सगळ्यात आधी मीच.
साखर थोडी वाढलीय. तुम्हाला सांगितलं,
रिक्षावाल्याला नाही सांगणार.
पण ते मशीन आमच्या दिवाळ्याला दिवाळी म्हणतं;
म्हणू दे, बरं वाटतं.
फक्त तारखेचा रकाना बघा हं,
शुक्रवारच्या पुढे बोट जातच नाही.
शनिवारी आम्ही आजारी पडायचं नाही का?"