आठ मोती

ऑस्ट्रेलियाचं जुनं नाणं हातात आलं
की मी आधी राजाचे मोती मोजते.
पाचव्या जॉर्जच्या मुकुटाला कपाळाशी एक पट्टी,
तिच्यावर आठ मोती, मधोमध हिरा,
राजगिऱ्याच्या दाण्याहून बारीक.
नाणं बाजारात फिरलं की आधी हिरा जातो,
मग त्याला खेटलेले मोती,
मग भुवई, मग मिशी,
शेवटी उरतो कुणाचा तरी मामा,
आणि चांदीचा भाव.

रविवार पेठेत, जिना चढून डावीकडची खोली.
काळं मखमल, दहापट भिंग, काटा,
भिंतीवर माझ्याच अक्षरात:
नाणी घासून आणू नयेत.
खाली कुणीतरी पेन्सिलीनं लिहून गेलंय, आणली तर?

तांबट आळीतले दिगंबर वडके आणतात ती घासूनच.
फडक्याची गाठ दातानं सोडून
एक फ्लोरिन ठेवतात मखमलीवर, बत्तीस सालचं.
त्या साली टांकसाळीनं हात आखडता घेतला होता
हे त्यांना सांगत नाही लगेच.
युद्धाच्या दिवसांत खडकीला वडिलांनी
एका गोऱ्या शिपायाचा स्टोव्ह झाळून दिला, त्याची ही मजुरी.
तेव्हापासून देव्हाऱ्यात.
दर लक्ष्मीपूजनाला हळदकुंकू
कांगारूला आणि त्या लांब मानेच्या पक्ष्याला.
"आणि दर दसऱ्याला चिंच," ते म्हणतात,
"आमच्याकडे भांडं काळं ठेवत नाहीत."

कांगारू पळीसारखा लखलखतोय. मेला बिचारा.
नव्वद वर्षांची सावली होती त्याच्या अंगावर,
निळसर, कडेला मधाच्या रंगाची,
तिचेच पैसे देतात लोक.
हे मी बोलून दाखवते. ते मान खाली घालून ऐकतात,
टाका सुटलेल्या भांड्याबद्दल ऐकावं तसं.

वजन अकरा पूर्णांक एकतीस. चोख.
नाणं उलटते. एक, दोन, तीन,
चार,
आणि पुढे धुकं.

माझ्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू उतरतोय.
अजून पिकला नाही, दिवाळीनंतर बघू, म्हणाले डॉक्टर.
कुणाला सांगितलेलं नाही.
आचाऱ्यानं जीभ गेल्याचं सांगावं का?
पण आता समोर राजा, आणि कळत नाही
मोती त्याच्या कपाळावरचा झिजलाय
की माझ्या डोळ्यातला वाढलाय.
सहा धरले तर यांना दोन महिन्यांचा कोळसा.
आठ धरले तर भट्टीवर नवा पत्रा, धुराड्यासकट.
चुकून आठ म्हणणं सोपं. चुकून सहा म्हणणं त्याहून सोपं.

भिंग त्यांच्याकडे सरकवते. "तुम्हीच मोजा."
ते चमकून बघतात, मग वाकतात.
मोठ्यानं मोजतात, ठोके मोजावेत तसे.
"सात. आठवा आहे, पण चेपलाय.
हिऱ्याच्या नुसत्या दोन कडा."
"ही बाजू नाही घासली?"
"राजाला कशाला घासू? तो कायम पालथा,
लाल कापडावर तोंड खुपसून.
पूजा त्या मोठ्या उंदराची."

मग मी नको नको म्हणेपर्यंत
त्यांनी नाणं बोटाच्या टोकावर तोललं
आणि नखानं टिचकी मारली.
खोलीत बराच वेळ राहिला तो आवाज.
"बाई, हा काही घासला गेलेला नाही," ते म्हणाले.
आवाजाला माझ्या वहीत रकाना नाही.

पाकिटावर पेन्सिलीनं लिहिलं:
एकोणीसशे बत्तीस. पुढून सात मोती, चांगलं.
मागून चिंच.
मोजणार या शब्दापुढे माझं नाव येतं, एकवीस वर्षं.
तिथे लिहिलं दि. वडके.
आकडा सांगितला. विकत नाही म्हणाले,
फक्त कळायला हवं होतं.

जिन्यात पुढचं गिऱ्हाईक खोकत होतं.
दिगंबररावांनी तपासणीची फी विचारली.
दोनशे घेते मी.
म्हटलं, शंभर द्या.