शनिवारची बादली

बँगोरहून बसनं अर्धा तास.
इआन्तोला तिकीट लागत नाही, तो चारचा आहे.
माब्ली नऊची. ग्विलिम पंधराचा,
आणि पंधरा हे फार खर्चिक वय:
बुटांना महाग, भुकेला महाग,
एक शब्द बोलवून घ्यायचा तर त्याहून महाग.

पाकिटात पंधरा पौंड,
शुक्रवारी रात्रीच वेगळे काढलेले,
घरातलं तापाचं पोर
वेगळ्या खोलीत निजवावं तसे.

किल्ल्याचं तिकीट एकदा विचारलं होतं.
खिडकीतली बाई भली होती,
आकडा तिनं हळू आवाजात सांगितला.
तेव्हापासून आम्ही किल्ला बाहेरून बघतो.
खंदकाला एक फेरी. तिथले हंस
किल्ल्याच्या आतले धरायचे की बाहेरचे,
यावर माब्लीचं ठाम मत आहे
आणि ती ते ऐकवल्याशिवाय पुढे हलत नाही.

खाटकानं बेकनची कातरण कागदात गुंडाळून दिली.
"मांजराला?"
"खेकड्यांना."
पैसे घेतले नाहीत.

कांद्याच्या जाळीच्या पिशव्या मी घरीच शिवल्या.
त्यात बेकन, बेकनला दोरी, दोरीला पोरगं,
पोराच्या सदऱ्याला मागून माझी मूठ.
धक्क्यावरून दोरी सोडायची, की झालं.
मग गप्प बसायचं. तेच जमत नाही.
"आले का? मॅम, आले का?"
इआन्तो दर मिनिटाला दोरी वर ओढून
खेकड्यांच्या तोंडचा घास काढून घेतो.
माब्लीच्या वहीत नर, मादी, लंगडा
असे तीन रकाने.
ग्विलिम कठड्याला टेकून, कानांत बोंडं,
हे बाळांचे खेळ आहेत
असं नुसत्या पाठीनं सांगतो.

पलीकडे मुख्य भूमीवरचे डोंगर
अर्धे ढगात. तेही फुकट.

आणि इआन्तोच्या हातून दोरी सुटली.
निळी दोरी, हिरवं पाणी, संपलं.
त्यानं असा टाहो फोडला
की शेजारच्या आजोबांनी स्वतःचा गळ गुंडाळला.
दुसरी दोरी दुकानात होती, चार पौंडांना.
चार पौंड म्हणजे चिप्स.
मी पाकीट उघडलं. मिटलं. पुन्हा उघडलं.

ग्विलिम खाली बसला.
पहाटे सहाला पेपर टाकून, पाच महिने साठवून
घेतलेले ते पांढरे बूट,
ज्यांच्यावर चिखल उडाला म्हणून
गेल्या रविवारी आमचं भांडण झालं,
त्यांच्या दोन्ही नाड्या त्यानं ओढून काढल्या,
एकमेकींना गाठ मारली, टोकाला बेकन.
दोरी झाली, पण आखूड.
पाण्यापासून दोन हात वर लोंबकळत राहिली.

माब्ली म्हणाली, पोचत नाही.
तो म्हणाला, "थांब ना. भरती आहे."

सकाळपासूनचं त्याचं हे पहिलं वाक्य.

मग ते दोघे पालथे पडून राहिले,
पंधरा आणि चार, हनुवटी फळीवर,
आणि समुद्र त्यांच्याकडे
सावकाश, फळीफळीनं वर येत राहिला.
मी इतका वेळ नुसती कधी बसले होते
ते आठवेना. वृद्धाश्रमातल्या पाळीत
बसणं म्हणजे कुणाला तरी भरवणं.

एकच मिळाला. छोटा, एका नांगीचा.
माब्लीनं लंगडा लिहिलं, मग खोडून
"नांगी परत येते" असं समासात लिहिलं.

संध्याकाळी बादली उताराच्या दगडांवर आडवी केली.
सतरा खेकडे तिरके तिरके पाण्याकडे गेले.
अठरावा उलटा, किल्ल्याकडे.
त्याला वळवायला इआन्तोला फार वेळ लागला
आणि बस चुकली.

चिप्स एकच पुडा, मोठा.
सीगलनं त्यातला एक पळवला,
तो माब्लीनं ग्विलिमच्या हिश्शातून वजा केला.
तो काही बोलला नाही.

पुढच्या बसमध्ये इआन्तो त्याच्या मांडीवर झोपला.
ओल्या नाड्या खिशात, बूट तोंड वासलेले,
सगळ्या बसला बेकनचा वास.

पाकिटात ऐंशी पेन्स.
पुढच्या शुक्रवारी त्यावर
चौदा पौंड वीस ठेवायचे.