सांभार

मे महिना. कूलरचा वाळा भिजवून
पाणी खाली टाकीत टपटपतंय.
स्क्रीनवर बोकड्यांच्या पत्रिकेत
गणपतीच्या चित्राखाली नुसते चौकोन,
चौकोनांच्या ओळी,
पाट्या लागायच्या आधीचे गाळे असावेत तसे.
"सातला येतो," म्हणून गेलेत वधूपिता.

जुनी डिस्क परवा करकरली आणि गेली.
तिच्यावर डेबियन होतं, अकरा वर्षं,
पराते काकांनी बसवलेलं.
काका आता गोंदियाला, मुलीकडे.
भाच्याने नवी डिस्क आणली, फेडोरा टाकलं,
"सगळं मिळतं यात, मावशी," म्हणाला
आणि हिंगण्याला ड्यूटीवर निघून गेला.

मिळतं. पण हाक कशी मारायची?

काकांची वही आहे. निळ्या शाईत
एकाखाली एक पॅकेजांची नावं, किराण्याच्या यादीगत.
पहिलं टाइप केलं.
असं काही नाही, म्हणे.
दुसरं. असं काही नाही.
तिकडे 'फॉन्ट्स' आधी लागायचं,
शाळेच्या हजेरीत आडनाव आधी येतं तसं.
इकडे शेवटी.
तिकडे 'डेव' म्हटलं की भागायचं,
इकडे म्हणे 'डेव्हेल' म्हणा, पूर्ण.

चिपळूणहून लग्न होऊन आले त्या आठवड्यात
कॉटन मार्केटात कोथिंबीर मागत फिरले होते मी.
चौथ्या टोपलीपाशी बाई म्हणाली,
"सांभार पाहिजे का वो?"
मी म्हटलं, नाही हो, सांबार घरी करेन,
कोथिंबीर द्या.
तिचा हात जुडीवरच होता.

साडेचारला गोंदियाला फोन लावला.
"नाव काऊन विचारता बाप्पा? काम विचारा.
म्हणा, ह्या नावाची फाइल कोणापाशी हाय?
थो सांगते बराबर."
विचारलं. यंत्र थोडं थांबलं,
मग एकेक पत्ता देऊ लागलं.
'वाय' दाबत गेले. टक्के सरकत गेले.
मधे लाइट गेली, इन्व्हर्टरने धरून ठेवलं.
आणि चौकोन फुटून
चि. सौ. कां. उगवली,
वेलांटीसकट, रफारासकट,
आमचे येथे श्रीकृपेकरून.

पण तारीख इंग्रजी आकड्यांत.
मुहूर्त, फोन नंबर, हॉलचा पिनकोड, सगळंच.
वहीत शेवटचं नाव उरलं होतं: अंकपालट.
नावाने शोधलं, कामाने शोधलं,
भाच्याने फोनवर सांगितलेली
आणखी दोन भांडारं जोडून शोधलं.
सव्वासहा.

पलीकडे काका हसायलाच लागले.
"थो नाई सापडणार कुठंच.
मायाच हाय थो. दोन हजार तेरात लिवला,
दिवाळीच्या कॅलेंडराच्या टायमाले."
अकरा वर्षं रोज हाताशी होता,
मला वाटायचं, सगळ्यांकडेच असेल.

मग तोंडी सांगितला त्यांनी, नऊ ओळी.
कूलर बंद केला ऐकू यावं म्हणून,
घाम कीबोर्डावर.
"तिरपी रेघ. नाई, नाई, दुसऱ्या अंगाची.
आता अर्धविराम. टिंब वर, स्वल्पविराम खाली.
द्या हाणून एंटर."
चुकला. पुन्हा पहिल्यापासून वाचून दाखवला,
सातवीत एक अवतरणचिन्ह राहिलं होतं.

पत्रिकेत १७ आलं.
एक आणि सात, पाय मुडपून बसल्यासारखे.

वहीत त्या नावापुढे लिहिलं, कुठेच मिळत नाही,
आणि खाली नऊ ओळी उतरवल्या,
माझ्या अक्षरात, फिरलेली रेघ ठळक करून.

सात वाजून दहा मिनिटांनी बोकडे आले.
कागद ट्यूबलाइटखाली धरला,
तारखेवरून सरळ खाली गेले.
"मॅडम," म्हणाले,
"मामाचं नाव चुकलं ना तुमचं.
देवाजी नाही, देवराव."