सुधारित आवृत्ती

चूक माझीच.
यूपीएस दोन दिवाळ्यांपासून केकाटत होता,
मी त्याच्या तोंडाला चिकटपट्टी लावून टाकली होती.
आणि गुरुवार आहे हेही विसरले.
गुरुवारी नळाला पाणी नसतं,
आणि देखभालीच्या नावाखाली वीज कधीही जाते.

पडद्यावर अगदी सभ्य भाषेत विचारलं होतं:
नवं फर्मवेअर आलं आहे, बसवू का?
मशीन मध्येच बंद करू नका.
अप्पा बळवंत चौकात चोवीस वर्षं डीटीपी करणाऱ्या बाईला
कळायला हवं होतं
‘सुधारित आवृत्ती’ म्हणजे काय ते.
दर मे महिन्यात मीच छापायला पाठवते की:
मुखपृष्ठाचा निळा काढून हिरवा,
किंमत वीस रुपये वर,
आत त्याच चुका, त्याच पानांवर.
तरी मी ‘हो’ दाबलं.

त्र्याहत्तर टक्क्यांवर पंखा थांबला.
माझ्या डोक्यावरचाही.

वीज आली. हिरवा दिवा लागला, आत काहीतरी घरघरलं,
पण पडदा काळा तो काळाच.
‘सिग्नल नाही’ एवढी एक पेटी
या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात
चुकलेल्या पोरासारखी फिरत राहिली.

मुनाफ तांबोळी नाना पेठेतून आला,
पाठीवर सॅक, खिशात खोडरबर.
रॅमची पट्टी काढून तिचे सोनेरी दात घासले,
फुंकर मारली, परत बसवली.
नाही.
मग सेल काढला, जुन्या चार आण्याएवढा.
“दहा मिनिटं थांबू. सगळं विसरू दे त्याला.”
त्याच्या विसरण्याची वाट बघत आम्ही दोघं बसलो.
खाली फुटपाथवर कुणीतरी बारावीच्या रसायनशास्त्राचे दोन भाग
एका भागाच्या पैशांत मागत होतं.
तेही जमलं नाही, हेही.

“काकू, फाइली सगळ्या जागेवर आहेत.
सकाळी उठल्यावर आधी काय करायचं असतं
तेवढंच हा विसरलाय.
आपण कोण, हात कुठं, दार कुठल्या अंगाला.”
“म्हणजे अर्धं नवं, अर्धं जुनं?”
“हां. आणि दोन्ही अर्धी एकमेकांना ओळखत नाहीत.”

नखाहून लहान चिप, आठ पायांची.
तिला चिमटा लावला, निसटला.
चार वेळा निसटला.
पाचव्यांदा श्वास धरून
त्याने लॅपटॉपवरून जुनीच आवृत्ती लिहायला घेतली.
“नवी नको?”
“नव्याचं नंतर. आधी उठू तर दे.”
लिहून झाल्यावर पुन्हा वाचून ताडून पाहिली,
अक्षराला अक्षर,
वसुमती मुद्रितं तपासायची तशी,
ओळीखाली पट्टी सरकवत.

एक छोटा बीप.

माझ्या फाइली जिथल्या तिथे,
आणि उजव्या कोपऱ्यात तारीख:
एक जानेवारी दोन हजार पंधरा.
“सेल काढला की हा तिथूनच सुरू करतो,” मुनाफ म्हणाला.

पंधरा साली समोरच्या टेबलाशी वसुमती होती.
एका लग्नपत्रिकेत गिऱ्हाइकाच्या हट्टापायी
मी ‘आशीर्वाद’ ऱ्हस्व जाऊ दिला.
तिने लाल पेन पर्समध्ये टाकलं
आणि वारज्याची बस धरली.
भांडण तेवढंच नव्हतं,
निघताना बोलली मात्र तेवढंच.
ते मार्चात.
म्हणजे या मशीनच्या हिशेबी अजून व्हायचंय.

तारीख नीट करायला मुनाफचा हात माउसकडे गेला.
म्हटलं, आधी चहा घे.

बशीत चहा गार करता करता त्याने बिल फाडलं,
पडद्याकडे बघून वर तारीख घातली: १/१/१५.
असली चूक माझ्या नजरेतून सुटत नाही.
पेनही हाताशी होतं.
बिल मी टेबलाच्या काचेखाली सरकवलं.

तो गेल्यावर यूपीएसच्या तोंडावरची पट्टी सोलून काढली.
लगेच केकाटायला लागला.
वारज्याचा नंबर अजून पाठ आहे का,
ते बघते.
आधी बॅटरी आणते.