खालून दुसरा डोळा

हिल्का म्हणते, काप.
फोन टेबलावर उताणा ठेवलाय,
तिचा आवाज साखरेच्या भांड्याला लागून येतो:
खालून दुसरा डोळा सापडला का?
त्याच्या वर. बोटाच्या पेराएवढं सोडून.

मी म्हणतो, सापडला.
सापडलेला नाही.

तिला रोव्हानिएमीच्या इस्पितळात नेलं
त्याच दिवशी तिचा बेगोनिया माझ्याकडे आला,
लोकरीच्या टोपीत, शेजाऱ्याच्या गाडीतून.
तेव्हा कसा गच्च होता. कुंडी दिसत नव्हती.
पानांवर चांदीचे शिंतोडे, पानांच्या पोटाशी बीटाचा लाल.
मी त्याला रेडिएटरच्या वर ठेवलं, उबेला,
रोज पाणी पाजलं. लाड केले म्हणा ना.
आणि केमीत नोव्हेंबरनंतर ऊन म्हणजे
कुणी दार किलकिलं करून डोकावावं
आणि घर चुकलं म्हणून निघून जावं.
तेवढ्या फटीकडे तो मान लांबवत गेला.
आता तीन काठ्या, टोकाला चार-चार पानं,
खाली नुसती उघडी पेरं,
माझ्या नडग्यांसारखी.

एकतीस वर्षं कागद गिरणीत
मी कापायच्याच यंत्रावर होतो.
धावता कागद, फिरतं पातं, नजर एका रेघेवर.
कुठल्या कुठल्या देशांतल्या वर्तमानपत्रांना
मी सरळ कडा दिल्या.
हात थरथरला नाही कधी.
आणि आता ही स्वयंपाकघरातली कात्री, स्पिरिटने पुसलेली,
आणि पेन्सिलएवढा देठ.

ओइवा, झोपलास का?
नाही.
मग ऐक. तो रुसणार नाही तुझ्यावर.
शेंडा आहे तोवर सगळा जीव शेंड्याकडेच पळतो,
खालचे डोळे मिटून पडलेले असतात.
शेंडा गेला की त्यांना कळतं,
आता आपल्यालाच उठायला हवं.

ती शाळेत स्वयंपाकीण होती.
तीनशे पोरांना वाढताना बोलायची तशीच बोलते अजून,
फक्त मध्येच श्वासासाठी थांबते.
त्या थांबण्यात मी कात्री खाली ठेवतो.

बघू नकोस, चाचप, ती म्हणते.
पेरावर कडं असतं, त्याच्या बगलेत
जवाच्या कणीएवढं काहीतरी टोचेल.

मी डोळे मिटतो.
टोचतं.

कच्. एवढाच आवाज.
झालं? झालं. तिन्ही? एक.
ती हसते, मग खोकते, मग कुणी नर्स
तिच्या हातातून फोन घेते.

बाकीचे दोन मी एकट्याने कापले.
शेंडे मोहरीच्या रिकाम्या बाटलीत, पाण्यात.
कुंडी रेडिएटरवरून उचलून खिडकीच्या कट्ट्यावर,
काचेपासून वीतभर लांब.
दर रविवारी पाव फेरा, म्हणजे एकाच अंगाला झुकायचा नाही.
बोट खुपसून माती कोरडी लागली तरच पाणी.
मोठी कुंडी आणायला निघालो होतो, तर म्हणाली,
नको. त्याला अडचणीतच करमतं.
मुळं फुटली की शेंडे त्याच कुंडीत खोच,
कडेकडेने, आईच्या पायाशी.

फेब्रुवारीत ऊन चारपर्यंत थांबायला लागलं.
फोन आखूड झाले.

काल विचारलं तिने, दाट झाला का?
नाही अजून. तीन खुंट. उघडेबोडके.
बाटलीत मात्र पांढरे दोरे सुटलेत.
आणि डावीकडच्या खुंटावर,
खालून दुसऱ्या डोळ्यात,
एक लाल ठिपका आलाय, काडीच्या गुलाएवढा.

छान, ती म्हणाली. तोही खुडायचा.
अगं, आत्ता कुठे आलाय.
आत्ता नाही रे. दोन पानं होऊ देत.

मी कॅलेंडरवर लिहून ठेवलं: दोन पानं.
तारीख घातली नाही.

आज बुधवार. तरी कुंडी पाव फेरा फिरवली,
ठिपका आता खोलीकडे तोंड करून आहे,
टेबलाकडे, फोनकडे.